परदेशात जन्मलेल्या लेकराचे घर



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अशी समजूत होती की, हा युनियनवाला माणूस किमान वेतनावर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलणार. मी विषय कळवला तो परदेशात जन्मलेल्या मुलाच्या कायमच्या वास्तव्याचा. त्यावर एका चालकांनी मोकळेपणाने विचारले, "आपल्या जऊळक्यात हा विषय कोणाच्या कामाचा?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आधी देतो आणि मग विषयाला हात घालतो.

एके काळी जऊळका स्टेशनावर गाडीत बसलेला माणूस अकोल्याच्या गिरणीपर्यंत जाई, फार धीट असला तर मुंबई गाठी. आज त्याच माणसाचा नातू पुण्याला शिकतो आणि तेथून मेलबर्न, टोरांटो, दुबई असा कोठेही जातो. लग्न मात्र इकडेच लागते. मुलगी वाशिमची नाहीतर रिसोडची पाहिली जाते, आणि दोघे विमानात बसतात. येथपर्यंत सारा आनंदीआनंद असतो. व्हिसा कोणता, किती दिवसांचा, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक नसते आणि ठाऊक नसले तरी बिघडत नाही. पण पाळणा हलला की कायदा घरात शिरतो. आई एका देशाची, बाप त्याच देशाचा, नोकरी दुसऱ्या देशात, बाळंतपण तिसरीकडे, अशा वेळी त्या लेकराने राहायचे कोठे आणि कोणाच्या परवानगीने, हा प्रश्न उभा राहतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे पगाराच्या तक्रारी घेऊन येणारे जुने कामगार सभासद जाता जाता असे एखादे नातवंडाचे प्रकरण पिशवीतून काढू लागले. म्हणून हा विषय.

मी वकील नाही. कायद्याच्या कॉलेजची पायरी मी चढलो नाही. कायदा शिकलो तो कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, तारखेची वाट पाहता पाहता, दुसऱ्याची कागदपत्रे वाचून. त्यामुळे माझी भाषा कोर्टाची नाही, शेताची आहे, आणि ती तशीच राहू द्या.

परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाच्या तीन अवस्था असतात. आपल्याकडे जमिनीशी माणसाचे जसे तीन नाते असते, तसेच. एक मालक, एक कूळ आणि एक सालदार. मालकाला कोणी उठवू शकत नाही. तो त्या देशाचा नागरिक. कुळाला मालकी नाही, पण विदर्भाच्या १९५८ च्या कूळ कायद्याने जसे त्याच्या वहिवाटीला संरक्षण दिले, तसे परदेशात ‘कायम रहिवासी’ म्हणून ज्याला दाखला मिळतो त्याला संरक्षण असते. तो नोकरी बदलू शकतो, नोकरी गेली तरी देश सोडावा लागत नाही, आणि काही वर्षांनी तो मालकही होऊ शकतो. तिसरा सालदार. पाडव्याला साल संपले आणि धन्याने पुढचे साल ठरवले नाही, तर त्याने वाड्यातली खोली रिकामी करायची. नोकरीच्या व्हिसावर गेलेली आपली बहुतेक मुले, मग पगार लाखाचा असो की कोटीचा, ही सालदार आहेत. अमेरिकेत ज्याला एच-वन-बी म्हणतात त्या व्हिसावरचा माणूस कामावरून कमी झाला, तर दुसरा धनी शोधायला त्याला साधारण साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत घर, गाडी, मुलाची शाळा आणि बायकोचे सातवे-आठवे महिने, सारे आवरायचे. आमच्या गिरणी कामगाराला क्वार्टर खाली करण्याची नोटीस यायची ती याहून फार वेगळी नसे. संगणकावर बसणारी मंडळी स्वतःला कामगार म्हणवून घेत नाहीत, ही त्यांची मर्जी. व्हिसा मात्र त्यांना कामगार म्हणूनच ओळखतो.

आता या तिघांच्या घरात मूल जन्मले तर ते कोण? लोक सहज धरून चालतात की बापाचे तेच पोराचे. बाप कायम रहिवासी, मग पोरही कायम रहिवासी. हीच सगळ्यात मोठी चूक आहे. मालकी वारशाने येते, तीही काही अटींवर. पण कुळाचा दाखला आपोआप पाळण्यात उतरत नाही. प्रत्येक देशात त्या बाळासाठी वेगळा कागद करावा लागतो, आणि त्या कागदाला मुदत असते.

जगात या बाबतीत दोन नियम चालतात. एक मातीचा, दुसरा रक्ताचा. मातीचा नियम सांगतो, ज्या भूमीवर जन्मला त्या भूमीचा. रक्ताचा नियम सांगतो, ज्यांच्या पोटी जन्मला त्यांचा. आपली घटना लिहिली जात होती तेव्हा या दोन नियमांचा मोठा वाद झाला, आणि त्यात आपल्या वऱ्हाडचा एक माणूस होता, हे येथे सांगितले पाहिजे. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत नागरिकत्वाच्या कलमावर बोलताना त्यांनी एक उदाहरण दिले. समजा, एक परदेशी जोडपे विमानाने चालले आहे, विमान मुंबईला दोन तास थांबले आणि बाई तेथेच बाळंत झाली, तर केवळ तेवढ्यावर ते मूल भारताचे नागरिक कसे, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या सूचना समितीने मानल्या नाहीत. त्या सूचनांत धर्माचा जो निकष होता तो न मानला हे चांगलेच झाले, असे माझे मत आहे. पण उदाहरण मात्र नेमके होते, कारण त्या एका बाळावर पुढे पंचावन्न वर्षे आपला कायदा वळत गेला. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने आधी माती मानली. २६ जानेवारी १९५० पासून भारतात जन्मलेला जवळजवळ प्रत्येक जण भारतीय. मग १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक तरी भारतीय असावा लागला. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी आवळली: दोघेही भारतीय असावेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे आपण मातीवरून रक्ताकडे सरकलो. इंग्लंडने १ जानेवारी १९८३ पासून तेच केले, ऑस्ट्रेलियाने २० ऑगस्ट १९८६ पासून. अमेरिकेत १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे माती टिकून राहिली. पण तेथेही २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांनी तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांच्या मुलांना वगळणारा आदेश काढला आणि त्यावरून न्यायालयांत लढाई जुंपली. मातीची किंमत सगळीकडे उतरते आहे, हा त्याचा अर्थ.

भगिनींनी पुढची गोष्ट लक्षात घ्यावी. परदेशात जन्मलेल्या मुलाला रक्ताच्या नात्याने भारतीय मानायचे, तर आपल्या कायद्यात फार वर्षे फक्त बापाचे रक्त मोजले जाई. आई भारतीय असली तरी तिच्या नावाने मूल भारतीय होत नसे. १० डिसेंबर १९९२ पासून आईही मोजली जाऊ लागली. नऊ महिने जिने पोटात वागवले, तिला कायद्याने ओळखायला बेचाळीस वर्षे घेतली!

आता माहेरच्या बाळंतपणाकडे येतो, कारण आपल्या समाजात खरी गफलत तेथे होते. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. आईच्या हातचे डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, अंगाला तेल लावणारी बाई, आणि परदेशात यातले काहीच नसते, म्हणून लेक सातव्या महिन्यात इकडे येते. रीत चांगली आहे, मी तिच्या विरुद्ध नाही. पण ज्या लेकी-जावयांना तिकडे कायम रहिवासाचा दाखला मिळालेला आहे, त्यांनी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. कायम रहिवासी आईबापांचे मूल ऑस्ट्रेलियात जन्मले तर ते जन्मतः ऑस्ट्रेलियाचे नागरिक. इंग्लंडातही तसेच. कॅनडात तर आईबाप सालदार असले तरी मूल मालक. तेच बाळ अकोल्याच्या दवाखान्यात जन्मले की ते भारताचे नागरिक होते, आणि आईबाप जेथे राहतात त्या देशासाठी ते एक परके बाळ ठरते. त्याला मालकी नाही, कुळाचा हक्क नाही, प्रवेशही नाही. ऑस्ट्रेलियासाठी त्याला वेगळा बालक व्हिसा मागावा लागतो, आणि त्याचा निकाल लागायला महिनेच्या महिने जातात. इंग्लंडसाठी वेगळा अर्ज. कॅनडासाठी बापाने किंवा आईने त्या बाळाचे ‘प्रायोजक’ व्हावे लागते. आणि मेख अशी की, नागरिक नसलेल्या, नुसत्या कायम रहिवासी पालकाला कॅनडाबाहेर राहून प्रायोजक होता येत नाही. दोघांपैकी एकाने तिकडे राहिलेच पाहिजे.

एक कुटुंब माझ्या माहितीतले आहे. नावगाव सांगत नाही. मुलीचे वडील आमच्या युनियनचे जुने सभासद. जावई आणि लेक दोघे कॅनडाचे कायम रहिवासी. मुलगी बाळंतपणाला आली, नात झाली, बारसे थाटात झाले. मग बारशाच्या चौथ्या दिवशी जावयाने नातीचा पासपोर्ट काढायला सांगितले आणि वडिलांना वाटले, आता काय, तिकिटेच काढायची. प्रत्यक्षात जावई एकटा गेला. प्रायोजक तोच होता, कामावर हजर होणेही भाग होते. लेक आणि नात इकडे. महिने लोटू लागले. वडील मला म्हणायचे, "लेक माहेरी आली याचा आनंद मानू की ती अडकली याचं दुःख करू?" आणि एवढ्याने भागत नाही. कॅनडाचा कायम रहिवासी पाच वर्षांत निदान ७३० दिवस त्या देशात राहिला पाहिजे. म्हणजे बाळाच्या कागदासाठी आई जितकी इकडे थांबेल, तितकी तिच्या स्वतःच्या कागदाची वाळू घसरत जाणार. अंगावर पिणारे मूल आणि दिवसांचा हिशेब, अशी दुहेरी कसरत त्या पोरीने केली. शेवटी नातीचा कागद आला आणि त्या गेल्या. पण बापाने आपल्या मुलीला पहिल्यांदा उभे राहताना पाहिले ते मोबाइलच्या काचेत.

येथे अमेरिकेच्या कायद्याचे कौतुक करावेसे वाटते, आणि ते माझ्या तोंडून क्वचितच ऐकायला मिळेल! त्या देशाची कायम रहिवासी असलेली आई थोड्या काळासाठी बाहेर गेली आणि तेथे तिला मूल झाले, तर त्या मुलासाठी वेगळ्या व्हिसाची गरज नाही. मूल दोन वर्षांचे होण्याच्या आत, जन्मानंतर आई किंवा बाप जो कोणी पहिल्यांदा परत जाईल, त्याच्याबरोबर ते गेले पाहिजे. बाळाचा पासपोर्ट, जन्माचा दाखला, आईचा दाखला, आणि विमानतळावरच त्याला कायम रहिवासी म्हणून आत घेतात. नियम बारीक आहे, पण तो करणाऱ्याला माहीत असावे की बाळंतपण काही सरकारी मुहूर्त पाहून होत नाही. मात्र या सवलतीचा नाश करण्याची युक्तीही आपल्याच लोकांनी शोधली आहे. ‘आधी आम्ही जाऊन घर लावतो, बाळ आजीजवळ राहू द्या’ असे म्हणून दोघे निघून जातात. पहिली फेरी बाळाशिवाय झाली की सवलत संपली. मग त्या बाळासाठी रीतसर अर्ज, आणि रीतसर म्हणजे किती, हे तुम्ही तहसील कचेरीतून ओळखताच.

आखाताकडे वळतो. तेथे गोष्ट याहून कठोर आहे, कारण तेथे परक्याच्या मुलाला मातीचा नियम नाहीच. दुबईत जन्मलेले आपले मूल पंचवीस वर्षे तेथे वाढले तरी परकेच. बापाने त्याला आपल्या नावावर राहण्याचा परवाना काढून द्यायचा, तोही जन्मापासून १२० दिवसांच्या आत, नाहीतर दंड. आणि असा परवाना काढण्याची ऐपत कायद्यानेच ठरवून दिलेली आहे: संयुक्त अरब अमिरातीत महिना चार हजार दिरहम पगार, किंवा तीन हजार आणि राहायची जागा. बांधकामावर सळई वाकवणाऱ्याला, टँकर धुणाऱ्याला तेवढा पगार बहुधा नसतो. म्हणजे त्याच्या बायकोने आणि मुलाने तेथे राहूच नये, अशी ही व्यवस्था. या गरीब कामगाराच्या मुलाचा वास्तव्याचा प्रश्न सुटलेलाच असतो, कारण तो निर्माण होऊच दिलेला नाही. तो बाप दोन वर्षांनी येतो आणि पोर त्याला पाहून आजीच्या पदराआड लपते. हाताला काम हवे, पण कामाबरोबर येणारा संसार नको, हे मालकांचे जुने धोरण आहे. १९९० साली संयुक्त राष्ट्रांनी स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा एक करार केला. त्याच्या एकोणतिसाव्या कलमात स्थलांतरित कामगाराच्या प्रत्येक मुलाला नाव, जन्माची नोंद आणि राष्ट्रीयत्व यांचा हक्क दिला आहे. तो करार २००३ साली अमलात आला. कामगार घेणाऱ्या आखाती राष्ट्रांनी तो मानला नाही हे समजण्यासारखे आहे. पण कामगार पाठवणाऱ्या भारतानेही तो मानलेला नाही, हे मला समजत नाही.

आता परतीचा रस्ता. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांत आपल्या भागाला खरी गरज या रस्त्याच्या माहितीची पडणार आहे. समृद्धी महामार्ग मालेगाव तालुक्यातून गेला. माणसे त्यावरून जातात तशी परतही येतात. कोणाची नोकरी जाते, कोणाचे वडील आजारी पडतात, कोणाला तिकडची थंडी सोसत नाही. अमेरिकेत जन्मलेले दीड वर्षाचे नातवंड घेऊन मुलगा-सून कायमचे घरी येतात. आजोबा स्टेशनावर घ्यायला जातात, आजी भाकरतुकडा ओवाळून टाकते. पण कायद्याच्या दृष्टीने त्या घरात तीन भारतीय पिढ्यांच्या मध्ये एक अमेरिकन पाहुणा उतरलेला असतो! त्याच्या निळ्या पासपोर्टावर भारताचा व्हिसा असतो आणि त्या व्हिसाला शेवटची तारीख असते. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी माणसांसाठी नवा कायदा लागू झाला, १९४६ चा जुना रद्द झाला. तारीख उलटून राहिलेला परदेशी हा त्या कायद्याखाली गुन्हेगार ठरतो, आणि कायद्याच्या शब्दांत वयाची माया नसते.

या बाळाला आपल्याकडे कायमचे राहू देणारा कागद म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ हे कार्ड, ओसीआय कार्ड. नावात ‘सिटिझन’ असले तरी ते नागरिकत्व नव्हे. ती जन्मभराची कुळवहिवाट आहे. ही योजना २००५ साली सुरू झाली. आईबाप दोघे किंवा दोघांपैकी एक भारतीय नागरिक असला, तर अल्पवयीन मुलाला ते मागता येते. मिळाले की पुन्हा व्हिसाची कटकट नाही, नोंदणीची नाही. अर्ज तिकडून निघण्यापूर्वी वकिलातीत करणे सर्वांत सोपे. इकडे येऊनही करता येतो, पण मग जन्मदाखल्यावरचा तिकडचा शिक्का, आईबापांचा विवाह नोंदणीचा दाखला, अशा कागदांसाठी परत सातासमुद्रापार पत्रव्यवहार करावा लागतो. लग्न मांडवात लागले आणि नोंदवलेच नाही, अशी कितीतरी जोडपी आहेत. त्यांची पहिली ठेच तेथे लागते.

कार्ड मिळाले म्हणजे सारे मिळाले, असे मात्र समजू नका. या मुलाला मोठेपणी मत नाही. सरकारी नोकरी साधारणपणे नाही. आणि जऊळक्याच्या माणसाला सर्वांत जास्त बोचेल ती गोष्ट म्हणजे त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. आजोबांची वारसाने मिळेल, पण धुऱ्याला लागून असलेले दोन एकर विकायला निघाले तर ते घेण्याचा अधिकार त्याला नाही. शिक्षणाचे पाहा. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने असे ठरवले की, वैद्यकीय, अभियांत्रिकी वगैरे प्रवेशांत कार्डधारकाने अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने उभे राहायचे, केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर त्याचा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ रोजी एवढा दिलासा दिला की, त्या तारखेपूर्वी ज्यांना कार्ड मिळाले होते त्यांचे आधीचे हक्क जाणार नाहीत. नंतरच्यांना तो दिलासा नाही. म्हणजे तुमच्या माझ्या डोळ्यांदेखत जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीपासून मराठी शिकलेले पोर बारावीला येईल तेव्हा त्याला कळेल की, आपण येथले विद्यार्थी नसून येथे राहणारे परदेशी आहोत.

मग त्याला भारतीयच का करून घेऊ नये? कायद्यात वाट आहे. भारतीय नागरिकांच्या अल्पवयीन मुलाला नोंदणीने नागरिकत्व देता येते, आणि तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून आधीचे सोडले पाहिजे. आणि अमेरिकेचा कायदा सांगतो की, आईबापांना मुलाच्या वतीने नागरिकत्व सोडता येत नाही. मुलाने समजत्या वयात स्वतः सोडले पाहिजे. एक सरकार म्हणते सोडून ये, दुसरे म्हणते तुझ्या बापाला सोडता येणार नाही. मध्ये पोर.

म्हणूनच निवड करायची असते ती बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात, आणि नेमका तोच काळ नव्या आईबापांना झोपही न मिळण्याचा! परदेशात जन्मलेल्या मुलाला जन्मतः भारतीय राहायचे असेल, तर ३ डिसेंबर २००४ पासून नियम असा आहे: जन्मापासून एक वर्षाच्या आत तिकडच्या भारतीय वकिलातीत त्याची नोंद झाली पाहिजे, आणि मुलाजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईबापांनी लिहून दिले पाहिजे. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी. आखातात जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न सोपा आहे, कारण तो देश त्यांना पासपोर्ट देतच नाही. तेथे फक्त आळस आडवा येतो. अमेरिकेत, कॅनडात मात्र खरा निर्णय करावा लागतो. मी कोणाला हे करा, ते करा असे सांगणार नाही. दोन्ही बाजूंना शहाणी माणसे पाहिली आहेत. निर्णय न करता पहिला पासपोर्ट घाईत काढून ठेवणे, एवढेच मला पटत नाही.

कागद किती बारीक पाहिला जातो याची दोन उदाहरणे न्यायालयांतली देतो. आईबापांनी डिसेंबर १९९८ मध्ये सिंगापूरचे नागरिकत्व घेतले, तेव्हा मूल पोटात होते. ते मार्च १९९९ मध्ये जन्मले. सज्ञान झाल्यावर त्या तरुणाने भारतीय नागरिकत्व परत मागितले. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला: जो जन्मलाच नव्हता त्याने काही गमावले नाही, म्हणून त्याला परत मागता येत नाही. दुसरे उदाहरण उलटे आहे. २००६ साली आंध्रात एक मुलगी जन्मली. आईबाप मूळचे भारतीय, पण अमेरिकेचे नागरिक झालेले आणि ओसीआय कार्डावर येथे राहणारे. २००४ नंतर जन्मली म्हणून मातीने ती भारतीय नाही. पासपोर्ट मागायला गेली तेव्हा कळले की, ती येथली नागरिक नाही, आणि ज्याच्यावर प्रवास करावा असा दुसरा पासपोर्टही हाती नाही. मे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, तिला बेकायदा स्थलांतरित म्हणता येणार नाही, ती भारतीय वंशाची आहे. सतरा वर्षे या देशात वाढलेल्या मुलीला एवढे ऐकण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले.

जुन्या काळी हे सोपे होते, असेही म्हणता येत नाही. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यापायी देश सोडून गेले, मेक्सिकोत शेतीशास्त्राचे अध्यापक झाले, त्यांच्या दोन्ही मुली तिकडेच जन्मल्या. इंग्रजांचे राज्य असेपर्यंत त्यांना मायदेशी येणे शक्य झाले नाही. स्वातंत्र्यानंतर ते आले आणि १९६७ साली नागपुरात वारले. त्यांना येथे येण्यापासून परक्या सरकारने अडवले होते. आज अडवणारे सरकार आपले आहे, म्हणून त्याच्याशी बोलता येते आणि बोलले पाहिजे. माझी मागणी साधी आहे. आईबाप दोघे भारतीय असून कायमचे परत आले, तर त्यांच्या लहान मुलाला सज्ञान होईपर्यंत शिक्षणाच्या बाबतीत भारतीय मुलासारखे वागवा. अठराव्या वर्षी त्याने स्वतः ठरवावे.

शेवटी एक कलम सांगतो, जे आपल्या ग्रामपंचायतीच्या दप्तराशी संबंध ठेवते आणि ज्याची माहिती जन्ममृत्यूच्या नोंदी करणाऱ्या अनेकांनाही नसते. १९६९ च्या जन्म व मृत्यू नोंदणी कायद्याचे विसावे कलम. मूल परदेशात जन्मले, तेथल्या भारतीय वकिलातीत त्याच्या जन्माची नोंद झाली नाही, आणि आईबाप येथे स्थायिक होण्यासाठी परत आले, तर मूल भारतात आल्यापासून साठ दिवसांच्या आत त्याच्या जन्माची नोंद येथल्या निबंधकाकडे, ते भारतातच जन्मले असावे अशा रीतीने, करून घेता येते. साठ दिवस गेले तर उशिराच्या नोंदीचे नियम लागतात, म्हणजे शुल्क, स्वसाक्षांकित कागद, आणि वर्ष लोटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. या नोंदीने नागरिकत्व मिळत नाही, हे दोनदा सांगतो, कारण लोक तसे समजतात. पण शाळेत घालताना, आधार काढताना हातात येथला जन्मदाखला असतो. एका आखातातून परतलेल्या वेल्डरच्या मुलासाठी आम्ही हे कलम छापील पुस्तकातून उघडून दाखवले तेव्हा समोरच्या कारकुनाने ते दोनदा वाचले, वर पाहिले, आणि म्हणाला, "हे तर आहे की हो!" त्याचा दोष नव्हता. त्याला कोणी विचारलेच नव्हते.

ते साठ दिवस मूल विमानातून उतरले त्या दिवसापासून मोजतात, म्हणून पासपोर्टावरचा आगमनाचा शिक्का असलेल्या पानाची झेरॉक्स आधी काढून ठेवावी. ज्यांच्या घरी असे प्रकरण आहे त्यांनी सभा संपल्यावर थांबावे, आणि उद्या येताना आईबापांचा विवाह नोंदणीचा दाखला बरोबर आणावा.